भूकंपाची नोंदवही

म्हैसूरपासून सुमारे ४५ किलोमीटरांवर कावेरीच्या काठी तलकाड नावाचे गाव आहे. एके काळी ते गंग राजांच्या राजधानीचे ठिकाण होते. पुढे चोळांनी ते जिंकले, आणि बाराव्या शतकाच्या आरंभी होयसळ विष्णुवर्धनाने चोळांचा पराभव करून तेथे कीर्तिनारायणाचे मंदिर उभारले. आज तेथे जाणाऱ्या यात्रेकरूच्या नजरेत प्रथम भरते ती वाळू. नदीकाठी वाळूच्या टेकड्याच टेकड्या आहेत आणि कित्येक जुनी देवळे त्यांच्या पोटात गेलेली आहेत. काही देवळे वाळू उपसून मोकळी करण्यात आली. तेथे देवदर्शनासाठी पायऱ्या चढून जाण्याऐवजी खाली उतरावे लागते.

एवढी वाळू आली कोठून? लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या दिलेले उत्तर असे : १६१० मध्ये म्हैसूरच्या राजा वडेयरांनी श्रीरंगपट्टण घेतले, तेव्हा विजयनगरच्या तेथील प्रतिनिधीची पत्नी अलमेलम्मा हिच्या दागिन्यांसाठी तिचा पाठलाग झाला, आणि कावेरीत उडी घेण्यापूर्वी तिने तलकाड वाळूमय होईल असा शाप दिला. अलीकडच्या अभ्यासकांनी याहून वेगळी कारणे मांडली आहेत. वरच्या अंगाला नदीवर घातलेला बांध, त्यामुळे उघडे पडलेले पात्र, आणि ते कोरडे रेताड पात्र उचलून गावावर टाकणारा वारा, अशी ही कारणमालिका आहे. परंतु वाळू सरकत होती त्या काळात ती वर्षाला किती सरकली, कोणत्या ऋतूत सरकली, हे कोणी लिहून ठेवले नाही. म्हणून अभ्यासकाला आज अनुमानावर भिस्त ठेवावी लागते, आणि शाप मात्र तोंडोतोंडी टिकून राहिला आहे.

निसर्गाच्या ज्या घडामोडींची नोंद राहत नाही, त्यांच्या भोवती अशाच कथा जमतात. भूकंपाच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तोललेली आहे आणि त्याने फणा हलविला की धरणी कापते, ही समजूत आपल्याकडील आजीबाईंच्या तोंडी सर्रास असे. तीत नवल नाही. वादळ दुरून येताना दिसते, पुराचे पाणी चढताना मोजता येते. भूकंप मात्र काही सेकंदांत येऊन जातो, आणि मागे भेदरलेली माणसे व पडलेल्या भिंती राहतात. घाबरलेल्या माणसाला किती वेळ धक्का बसला हे नीट सांगता येत नाही. पाच सेकंदांचा धक्का त्याला पाच मिनिटांचा वाटतो. अशा घटनेची बिनचूक नोंद ठेवणारे जे यंत्र माणसाने घडविले, त्या भूकंपलेखकाचा, आणि आपल्या महाराष्ट्रात त्याने काय शिकविले याचा, परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

या यंत्राचे तत्त्व समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. थांब्यावरून एस. टी. गाडी झटक्याने निघाली, म्हणजे उभा असलेला प्रवासी मागे कलतो. तो मागे गेला असे आपण म्हणतो. पण वस्तुतः त्याचे शरीर होते तेथेच राहू पाहत असते आणि पायाखालची गाडी पुढे सरकलेली असते. जड वस्तूच्या या जागच्या जागी राहण्याच्या प्रवृत्तीलाच जडत्व म्हणतात. भूकंपलेखकात एक वजन अशा बेताने टांगलेले असते, की खालची जमीन हलली तरी ते क्षणभर स्थिर राहावे. वजनाला लेखणी जोडावी, आणि जमिनीला घट्ट बसविलेल्या चौकटीत कागद गुंडाळलेले एक नळकांडे संथपणे फिरत ठेवावे. जमीन शांत असेपर्यंत कागदावर सरळ रेघ उमटत राहते. जमीन हलली की कागद हलतो, लेखणी मात्र जागीच राहते, आणि रेघ वेडीवाकडी होते. ही वेडीवाकडी रेघ म्हणजेच भूकंपलेख होय.

जमीन तीन प्रकारे हलू शकते : उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम आणि खाली-वर. म्हणून वेधशाळेत तिन्ही दिशांची नोंद स्वतंत्रपणे घेतली जाते. जुन्या यंत्रांत काजळी धरलेल्या कागदावर सुई ओरखडा काढीत असे. पुढे छायाचित्रणाच्या कागदावर प्रकाशाचा बारीक ठिपका रेघ काढू लागला. त्यानंतर वजनाशी तारेचे वेटोळे व लोहचुंबक जोडून जमिनीच्या हालचालीचे विजेच्या प्रवाहात रूपांतर करण्याची युक्ती निघाली. आजची यंत्रे ही नोंद आकड्यांच्या रूपाने साठवितात आणि उपग्रहामार्फत दूरच्या केंद्राकडे तत्काळ धाडतात. या साऱ्या यंत्रांना एक गोष्ट मात्र नेहमीच अत्यावश्यक राहिली आहे. ती म्हणजे बिनचूक घड्याळ. धक्का केव्हा आला हे सेकंदाच्या अंशापर्यंत ठाऊक नसेल, तर तो कोठून आला हे सांगता येत नाही.

ते कसे सांगतात, हे पाहण्यासारखे आहे. भूकंप होतो तेव्हा जमिनीच्या पोटातून दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिल्या प्रकारात खडकाचे कण पुढे-मागे दाबले-ताणले जातात. या प्राथमिक लहरी होत. भूकवचाच्या खडकातून त्या सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने धावतात. दुसऱ्या प्रकारात कण आडवे हलतात. या दुय्यम लहरींचा वेग सुमारे साडेतीन किलोमीटर असतो. त्यांच्याही मागून भूपृष्ठावरून पसरणाऱ्या लहरी येतात. वीज चमकल्यावर किती सेकंदांनी गडगडाट ऐकू येतो यावरून वीज किती दूर कोसळली याचा अंदाज आपण करतो. तसेच येथे आहे. प्राथमिक आणि दुय्यम लहरींच्या आगमनात जितक्या सेकंदांचे अंतर, त्याला सुमारे आठाने गुणावे, म्हणजे जवळच्या भूकंपाचे किलोमीटरांतील अंतर मिळते. दहा सेकंदांचे अंतर असले तर भूकंप सुमारे ८० किलोमीटरांवर झाला असे समजावे. एका वेधशाळेला केवळ अंतर कळते. तिन्ही वेधशाळांनी आपापले अंतर नकाशावर वर्तुळाने दाखविले, की जेथे ती वर्तुळे मिळतात तेथे भूकंपाचे अपिकेंद्र सापडते. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. एकट्या यंत्राचे काम अपुरे असते. यंत्रे अनेक हवीत, आणि ती भूकंपाच्या सभोवार हवीत.

दूरच्या भूकंपाची नोंद घेता येते हा शोध योगायोगाने लागला. १८८९ च्या एप्रिल महिन्यात जर्मनीतील पॉट्सडॅम येथे फॉन रेबॉय-पाश्विट्झ हा शास्त्रज्ञ अतिशय नाजूक लंबकावर काही वेगळेच वेध घेत होता. एके दिवशी लंबकाची रेघ अकारण थरथरलेली त्याला आढळली. काही काळाने त्याने जपानमधील भूकंपाचे वृत्त वाचले, तेव्हा त्या थरथरीचा उलगडा झाला. हजारो किलोमीटरांवरील जमिनीचा कंप पृथ्वीच्या पोटातून युरोपात येऊन पोहोचला होता. त्याच सुमारास जपानात अध्यापन करणारे जॉन मिल्न हे इंग्रज शास्त्रज्ञ भूकंपलेखक सुधारण्यात गढलेले होते. पुढे त्यांच्या बनावटीची यंत्रे जगात ठिकठिकाणी बसविण्यात आली.

आपल्या देशात या कामाला चालना मिळाली ती १२ जून १८९७ च्या आसामातील महाभूकंपाने. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्या भूकंपाचा कसून अभ्यास केला, आणि दूरदेशीच्या वेधशाळांत उमटलेल्या रेघांतून प्राथमिक, दुय्यम व पृष्ठभागीय अशा तीन प्रकारच्या लहरी वेगळ्या ओळखून दाखविल्या. पुढे १९०६ मध्ये याच मार्गाने जाऊन त्यांनी पृथ्वीच्या अंतर्भागात निराळ्या द्रव्याचा गाभा आहे असे प्रतिपादन केले. जेथे मनुष्य कधीही पोहोचणार नाही तेथील रचना भूकंपाच्या रेघांनी कळविली. या आसाम भूकंपानंतर १८९८ मध्ये कलकत्त्याच्या अलीपूर येथे आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत, व पुढच्या वर्षी कोडाईकनाल येथे भूकंपलेखक बसविण्यात आले. कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस हे त्या वेळी तेथे कार्यभार सांभाळीत होते. अशा रीतीने मुंबईच्या समुद्रकाठी एक यंत्र रात्रंदिवस जमिनीची चाहूल घेऊ लागले.

दूरची चाहूल घेण्यासाठी पुढे एक उत्तम जागा लाभली ती म्हैसूरच्याच पठारावर. तलकाडची देवळे ज्या प्राचीन, कठीण खडकाच्या प्रदेशात उभी आहेत, त्याच प्रदेशाच्या उत्तरेकडील भागात, बंगळूरपासून सुमारे शंभर किलोमीटरांच्या आत, गौरीबिदनूर हे गाव आहे. १९६३ च्या करारानंतर वातावरणातील अणुस्फोट-चाचण्यांना बंदी आली आणि भूमिगत चाचण्यांकडे जगाचे लक्ष वळले. जमिनीखालचा स्फोट आणि नैसर्गिक भूकंप यांतील भेद ओळखावयाचा, तर अतिशय शांत जागी संवेदनक्षम यंत्रांची रांग हवी. म्हणून आपल्या अणुशक्ती खात्याने ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या सहकार्याने १९६५ च्या सुमारास येथे वीस भूकंपमापके बसविली. काटकोनात मिळणाऱ्या दोन लांब ओळींत ती मांडलेली आहेत. दूरची लहर प्रथम एका टोकाच्या यंत्राला स्पर्श करते, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. त्यांच्या वेळांतील सूक्ष्म फरकावरून ती कोणत्या दिशेने आली हे काढता येते. अंधारात डोळे मिटून बसलेला मनुष्य दोन कानांनी आवाजाची दिशा ओळखतो, त्यातलाच हा प्रकार.

दूरचे मोठे भूकंप अशा रीतीने जगातील कोणत्याही चांगल्या वेधशाळेत नोंदले जातात. परंतु लहान धक्क्यांचे तसे नाही. खेड्यातील भांडी क्षणभर खडखडावीत एवढाच ज्याचा जोर, त्याच्या लहरी थोड्याच अंतरात विरून जातात. शेकडो किलोमीटरांवरील यंत्राला त्यांचा पत्ताही लागत नाही. त्यांची नोंद हवी असेल तर यंत्र जवळच असले पाहिजे. ही गोष्ट वाचताना साधी वाटते. पण महाराष्ट्रातील दोन मोठ्या भूकंपांचा इतिहास याच एका गोष्टीवर फिरतो.

पहिला कोयनेचा. दख्खनचे पठार हे पृथ्वीच्या अत्यंत जुन्या व स्थिर भागांपैकी एक, येथे मोठा भूकंप व्हावयाचा नाही, अशी साधारण समजूत होती. कोयना नदीवर १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि १९६२ पासून शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागले. त्यानंतर आसपासच्या लोकांना जमिनीतून गुरगुर ऐकू येऊ लागली आणि बारीक धक्के जाणवू लागले. येथे एक शहाणपणाची गोष्ट घडली. या धक्क्यांकडे दुर्लक्ष न करता १९६३ पासून कोयना व आसपास भूकंपलेखक बसविण्यात आले, आणि खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ त्यांच्या नोंदी अभ्यासू लागले. धक्के जलाशयाच्या आसपासच एकवटलेले आहेत, हे त्या नोंदींनी दाखविले. सप्टेंबर १९६७ मध्ये एक चांगला मोठा धक्का बसला. आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी सह्याद्री हादरला.

या भूकंपाची महत्ता सुमारे ६.३ होती. कोयनानगर व आसपासची गावे झोपेत असतानाच कोसळली. पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, शेकडो जखमी झाली, आणि धक्का मुंबई-पुण्यापर्यंत जाणवला. धरणाला भेगा गेल्या, पण ते उभे राहिले. पुढे त्याला टेकू देऊन ते भक्कम करण्यात आले. धरणाच्या आतील बोळात जमिनीच्या हालचालीचा प्रवेग मोजणारे एक यंत्र होते. त्या पहाटे ते बंद पडले नाही. गुरुत्वाकर्षणाच्या प्रवेगाच्या सुमारे ६३ टक्के एवढा आडवा हिसका त्याने नोंदविला. धरणाचा आराखडा करताना केवळ ५ टक्क्यांचा हिशेब धरलेला होता. ही एक नोंद जगभरच्या स्थापत्यशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे अभ्यासली. धरणे भूकंपात कशी वागतात याचा विचार करताना कोयनेची ही रेघ आजही समोर ठेवली जाते.

जलाशयामुळे भूकंप कसा होईल, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. पाणी भूकंपाची शक्ती निर्माण करीत नाही. भारतीय भूखंड उत्तरेकडे रेटला जात असल्याने येथील खडकांत ताण फार पूर्वीपासून साठत आलेला असतो. खडकांत जुन्या फटी असतात, आणि फटीच्या दोन बाजू एकमेकींवर घट्ट दाबल्या गेल्याने जागच्या जागी अडकून असतात. जलाशयाचे पाणी खोल झिरपून या फटींत शिरले, म्हणजे त्याच्या दाबाने दोन्ही बाजूंची पकड ढिली होते. निसटण्याच्या बेतात असलेला खडक मग निसटतो. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांची उदाहरणे अमेरिका, चीन, आफ्रिका व ग्रीस येथेही आढळली आहेत. त्यांत निर्विवादपणे गणल्या जाणाऱ्यांपैकी सर्वांत मोठा भूकंप कोयनेचा. या विषयावर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने दीर्घकाळ काम केले आहे. जवळच वारणेचा जलाशय भरू लागल्यावर तेथेही धक्के सुरू झाले, हेही नोंदींवरूनच कळले. पुढे कऱ्हाड येथे संशोधनकेंद्र स्थापून कोयना परिसरात खोल विंधन-विवरे घेण्यात आली. २०१७ पर्यंत त्यांतील एक ३ किलोमीटर खोल गेले. सुमारे किलोमीटरभर जाडीचा काळा पाषाण भेदून ते खालच्या जुन्या खडकात उतरले. भूकंप जेथे जन्मतो त्या जागेच्या अधिकाधिक जवळ यंत्र नेण्याचा हा प्रयत्न होय.

दुसरा इतिहास किल्लारीचा, आणि तो अधिक दुःखद आहे. १९९२ च्या ऑक्टोबर महिन्यात लातूर जिल्ह्यातील या गावाच्या परिसरात धक्के जाणवले, भिंतींना तडे गेले, लोक घाबरले. मग धक्के ओसरले आणि भीतीही ओसरली. पुढील वर्षी २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गावोगावचे गणपती विसर्जित करून लोक उशिरा झोपले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास ६.२ महत्तेचा भूकंप झाला. औसा व उमरगा तालुक्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली.

महत्तेच्या दृष्टीने कोयना आणि किल्लारी येथील भूकंप जवळजवळ सारखे. प्राणहानीत मात्र केवढे अंतर! त्याचे मुख्य कारण घरांच्या बांधणीत होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी ती घरे उन्हाळ्यात थंड राहत, पण आडव्या हिसक्यापुढे त्यांचा टिकाव लागला नाही. गावे दाट होती आणि भूकंप उथळ होता. याशिवाय आणखी एक उणीव होती, आणि आपल्या विषयाशी तिचा निकटचा संबंध आहे. कोयनेभोवती तीस वर्षे यंत्रे कान लावून बसलेली होती. तेरणेच्या खोऱ्याभोवती तसे यंत्रांचे जाळे नव्हते. या मुलखात भूकंप व्हावयाचा नाही ही समजूत कोयनेपुरती ढासळली होती, मराठवाड्यापुरती ती कायम होती. भूकंपानंतर देशोदेशींचे शास्त्रज्ञ यंत्रे घेऊन धावले आणि मागाहूनचे शेकडो धक्के त्यांनी नोंदविले. ज्या धक्क्यांनी वर्षभर आधी गावकऱ्यांना जागे केले होते, त्यांची मात्र तशी बारकाईची नोंद मागे राहिलेली नाही.

जवळ यंत्रे असती तर भूकंपाचा दिवस सांगता आला असता काय? नाही. वाचकांनी हे स्पष्टपणे समजून घ्यावे. अमुक दिवशी अमुक वेळी भूकंप होईल असे सांगणारे यंत्र जगात कोठेही नाही, आणि तसे भाकीत कोणी केले तर त्यावर विश्वास ठेवू नये. बहुतेक वेळा लहान धक्क्यांची मालिका मोठ्या भूकंपावाचून संपूनही जाते. यंत्राचा उपयोग निराळा आहे. जमिनीत कोठे हालचाल आहे, किती खोल आहे, किती जोराची होऊ शकते, हे ते सांगते. आणि त्यावरून घरे कशी बांधावीत हे ठरते. भारतीय मानक संस्थेने भूकंपक्षम बांधकामाचे नियम १९६२ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. कोयनेनंतर १९७० च्या आवृत्तीत त्या परिसराची श्रेणी वाढविण्यात आली. किल्लारीनंतर २००२ च्या आवृत्तीत सर्वांत कमी धोक्याची श्रेणीच नकाशातून काढून टाकण्यात आली. देशात निर्धास्त राहावे असा कोणताही भाग उरलेला नाही, असा तिचा अर्थ. प्रत्येक वेळी नकाशा बदलला तो माणसे गेल्यानंतर. आधी जमलेल्या नोंदींवरून तो बदलावा, हेच या शास्त्राचे ध्येय आहे.

किल्लारीनंतर द्वीपकल्पातील अनेक वेधशाळा जागतिक बँकेच्या साहाय्याने नव्या यंत्रांनी सज्ज करण्यात आल्या. तरी नोंद घेणे आणि ती लोकांपर्यंत पोहोचविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे २६ डिसेंबर २००४ ला कळून आले. सुमात्राजवळ सकाळी साडेसहाच्या सुमारास झालेल्या प्रचंड भूकंपाच्या लहरी जमिनीतून काही मिनिटांतच आपल्या वेधशाळांत उमटल्या. समुद्राच्या लाटा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आल्या त्या दोन तासांहून अधिक काळाने. मधल्या वेळात किनाऱ्यावरील माणसाला सावध करणारी व्यवस्था नव्हती, आणि देशात दहा हजारांहून अधिक लोक बुडाले. त्यानंतर २००७ मध्ये हैदराबाद येथे त्सुनामीची पूर्वसूचना देणारे केंद्र सुरू झाले. २०१४ मध्ये राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र स्थापन झाले. त्याच्या देशभरातील वेधशाळांची संख्या आता दीडशेहून अधिक आहे.

जवळच्या धक्क्यांबाबतही आपण काही शिकलो याचे एक उदाहरण पालघर जिल्ह्यात पाहावयास मिळाले. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. घरांना भेगा पडल्या. थंडीच्या दिवसांत मुलाबाळांसह लोक तंबूंत झोपू लागले. या वेळी मात्र त्या गावांच्या जवळच यंत्रे बसविण्यात आली आणि हजारो बारीक धक्के नोंदले गेले. ते कमी खोलीचे आहेत आणि लहानशा टापूत एकवटलेले आहेत, हे त्यावरून समजले. धक्के यामुळे थांबले नाहीत, हे खरे. परंतु धास्तावलेल्या माणसाला खाली काय चालले आहे एवढे जरी सांगता आले, तरी अफवांचे बळ कमी होते, आणि कोणती घरे आधी मजबूत करावयाची याचा विचार करता येतो.

या कामात सामान्य कुटुंबालाही थोडा हातभार लावता येतो. धक्का जाणवला, तर सुरक्षित झाल्यावर वेळ लिहून ठेवावी. आपण कोठे होतो, बसलेलो की झोपलेलो, टांगलेला दिवा हलला की फडताळातील भांडी पडली, भिंतीला चीर गेली काय, हे लिहावे, आणि राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राकडे किंवा तहसील कार्यालयाकडे कळवावे. यंत्र जमिनीची हालचाल सांगते. ती हालचाल कोणत्या गावात, कोणत्या प्रकारच्या घरात कशी जाणवली, हे तेथे राहणारा मनुष्यच सांगू शकतो. ओल्डहॅम यांनीही आसामच्या भूकंपाचा अभ्यास करताना लोकांच्या हकिगती गोळा केल्या होत्या. घर बांधताना किंवा दुरुस्त करताना जाणत्याला विचारून चारही भिंतींना बांधून ठेवणारी आडवी पट्टी घालावी, दगडी भिंतीत दोन्ही पदर सांधणारे आरपार दगड बसवावेत, आणि छपरावरचे अनावश्यक ओझे उतरवावे. यांतील कोणतेही काम फार खर्चाचे नाही.

भूकंपलेखकाची बहुतेक रेघ सरळच असते. वेधशाळेतील कर्मचारी एके काळी रोज तो कागद उतरवीत, त्यावर तारीख घालीत, घड्याळ लावीत आणि दुसरा कागद चढवीत. महिनोन्‌महिने सांगण्यासारखे काही घडत नसे, तरी त्यांनी तो क्रम सोडला नाही. कोयनेच्या खोऱ्यात १९६३ पासून कोणीतरी हे काम इमानाने केले, म्हणूनच १९६७ च्या पहाटेचा अर्थ लावता आला. ज्या गावात अद्याप एकही धक्का बसलेला नाही, तेथे यंत्र ठेवून काय उपयोग, असे कोणी विचारले, तर त्याला १९९२ च्या किल्लारीची आठवण द्यावी.